कुठे उभे राहून पाहायचे : रत्नागिरी ते मालवण, सहा दिवस

पहिला दिवस, सोमवार : रत्नागिरी

दिवाळीची पाहुणेमंडळी पांगली आणि आम्ही दोघे, म्हणजे मी आणि माझी आत्या, कोकण रेल्वेने पहाटे रत्नागिरीला उतरलो. आत्याने एकतीस वर्षे शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवला, त्यामुळे किनाऱ्यावरच्या सुट्टीत तिला वाळूत बसून राहण्यापेक्षा किल्ले, जुनी घरे आणि संग्रहालये पाहण्यात अधिक रस असणार हे उघडच होते. आखणी माझ्याकडे होती. पहिल्याच सकाळी थिबा राजवाडा, म्हणजे इंग्रजांनी कैद करून आणलेल्या ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचा वाडा, ठेवला होता आणि तिथेच मी फसलो, कारण राजवाड्यातले संग्रहालय सोमवारी बंद असते ही साधी गोष्ट मी पाहिलीच नव्हती. बंद फाटकासमोर आत्या रागावली नाही, पण "मुलांना मी आधी वेळापत्रक वाचायला लावायचे, मग दप्तर भरायला," एवढे मात्र म्हणाली आणि पिशवीतून आपली रेघी वही काढून तिने तिथेच कट्ट्यावर बैठक मारली. ही वही पुढे सहा दिवस आमच्याबरोबर होती. तिच्यात ती वर्णने लिहीत नव्हती, तर प्रत्येक ठिकाणाचा कच्चा नकाशा काढून त्यावर एक फुली मारत होती, आणि ती फुली म्हणजे ते ठिकाण कळण्यासाठी जिथे उभे राहायला हवे ती जागा.

दिवस मोकळा झाला तो रत्नदुर्गाने भरला. हा किल्ला घोड्याच्या नालाच्या आकाराचा असून तिन्ही बाजूंना समुद्र आहे. एका टोकाच्या बालेकिल्ल्यात भगवतीचे देऊळ आणि दुसऱ्या टोकाच्या सिद्ध बुरुजावर दीपगृह अशी त्याची रचना आहे. नकाशात नाल म्हणून वाचलेली गोष्ट तटावरून चालताना नाल वाटतच नाही, सगळीकडे फक्त एका हाताला समुद्र आणि एका हाताला उतार दिसतो. बालेकिल्ल्याच्या तटावर येऊन दीपगृहाकडे पाहिले की मधली खोलगट जागा एकदम डोळ्यांत भरते आणि मग आकार कळतो. आत्याची पहिली फुली तिथे पडली.

दुपारी बाजाराजवळचे पतितपावन मंदिर पाहिले. १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकरांना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जाण्याची आणि राजकारणात भाग घेण्याची बंदी होती. त्या काळात त्यांनी अस्पृश्यता निवारणाचे जे काम केले, त्यातून भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने १९३१ साली हे सर्व हिंदूंसाठी खुले असलेले मंदिर उभे राहिले. मंदिर आकाराने मोठे नाही आणि आज त्यात वर्दळही नेहमीचीच असते. बंदिवासातल्या माणसाच्या हातून गावाला मिळालेली वास्तू म्हणून ते पाहिले, तर मात्र पुढच्या दिवसाची सुरुवात इथूनच होते.

संध्याकाळी थिबा पॉइंटला गेलो, कारण त्याला फाटक नाही. खाली भाट्याची खाडी, तिचे समुद्राला मिळणारे तोंड, पलीकडे सुरूच्या झाडांची रांग आणि त्यापुढे मोकळा समुद्र, असे सगळे एका नजरेत येते. पदच्युत राजा इथून येणारी-जाणारी जहाजे पाहत बसे असे सांगतात. ते शब्दशः खरे असो वा नसो, पण आपल्याला परत नेणारे जहाज ज्या दिशेने यायचे ती दिशा रोज समोर दिसणे ही कैदेची फार वेगळी तऱ्हा आहे, हे मात्र तिथे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही.

दुसरा दिवस, मंगळवार : एक राजवाडा आणि एक भाड्याचे घर

फाटक उघडताच आम्ही आत होतो. जांभ्या दगडाची ही तांबूस इमारत ब्रिटिश सरकारने थिबासाठी बांधली आणि १९१० साली तो इथे राहायला आला. उतरत्या छपरांची, अर्धवर्तुळाकार लाकडी कमानींच्या खिडक्यांची ही तीन मजली वास्तू पाहून पहिल्यांदा वाटते की कैद्याची बरीच बडदास्त ठेवली होती. मग तारखांचा हिशेब मांडला की चित्र बदलते. १८८५ च्या नोव्हेंबरात तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध काही दिवसांतच संपले, सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या राजाला राणी सुपयालतसह मंडालेच्या राजवाड्यातून बैलगाडीने नदीकाठी आणून बोटीत बसवले गेले, आधी मद्रासला ठेवले आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणले. म्हणजे हा वाडा मिळेपर्यंत रत्नागिरीतली चोवीस वर्षे इतर बंगल्यांत गेली होती, आणि वाडा मिळाल्यावर आयुष्याची जेमतेम सहा वर्षे उरली होती. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला.

रत्नागिरीच का, या प्रश्नाचे उत्तर आत्याने भूगोलातून दिले. त्या काळी इथे रेल्वे नव्हती, ती यायला शंभरांहून अधिक वर्षे लागायची होती. मुंबईशी खरा संबंध आगबोटीचा, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तोही तुटायचा. एका बाजूला सह्याद्रीचे घाट, दुसऱ्या बाजूला वर्षातले चार महिने बंद होणारा समुद्र, अशा जागी भिंती उंच करण्याचे कारण उरत नाही. राजवाड्याच्या आवाराला म्हणूनच तुरुंगाची कळा नाही.

आत आता शासनाचे प्रादेशिक संग्रहालय आहे. दगडी मूर्ती, राजकुटुंबाची छायाचित्रे आणि थोडे लाकडी सामान असा संग्रह असून तो पाहायला तासही लागत नाही. मी मूर्तींपाशी रेंगाळलो, तर आत्या मधल्या मोठ्या दिवाणखान्यात थांबली. खिडक्यांच्या कमानींत रंगीत काचा आहेत आणि ऊन वर चढू लागले तसा लाल-हिरव्या रंगाचा एक पट्टा संगमरवरी फरशीवर हळूहळू सरकू लागला. आम्ही वीस मिनिटे तो पट्टा एका फरशीच्या सांध्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना पाहिला. आमच्या मागून आलेली सहल तेवढ्या वेळात तिन्ही मजले पाहून, फोटो काढून निघूनही गेली. मला अशा घाईचा राग येत नाही, मीही तशीच संग्रहालये पाहत आलो आहे, पण सहा वर्षे या दिवाणखान्यात विशेष काहीही न करता बसून असलेल्या माणसाच्या दिवसाची लांबी कळायला त्या पट्ट्याइतके चांगले साधन काचेच्या कपाटात नव्हते.

छायाचित्रांत चार राजकन्या दिसतात. त्यांतली थोरली वाड्यावरच्याच एका नोकराच्या प्रेमात पडली आणि त्यांना एक मुलगी झाली. थिबा गेल्यावर १९१९ साली कुटुंब ब्रह्मदेशात परतले, राणी सुपयालत १९२५ मध्ये रंगूनला वारली, पण ही थोरली रत्नागिरीला परत आली आणि इथेच शेवटपर्यंत राहिली. तिची मुलगी टूटू अस्खलित मराठी बोलणारी रत्नागिरीकर म्हणून म्हातारी झाली. राजवंशांच्या वंशावळीत अशा फांद्या बहुधा पुसून टाकलेल्या असतात. इथे गावाने ती आपल्यात सामावून घेतली.

राजवाड्यातून निघून टिळक आळीत लोकमान्यांच्या जन्मस्थानी गेलो. कौलारू, माडीचे, पुढे अंगण असलेले हे घर टिळकांच्या मालकीचे नव्हते. त्यांचे मूळ गाव दापोलीकडचे चिखलगाव, वडील गंगाधरपंत शिक्षक आणि रत्नागिरीत भाडेकरू. इथे २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधरांचा जन्म झाला आणि वयाच्या दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीबरोबर ते पुण्याला गेले. खोल्या लहान आहेत, दारे वाकून जाण्याइतकी बुटकी आहेत आणि भिंतींवर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग चित्रांतून मांडलेले आहेत.

त्या चित्रांपैकी मंडालेच्या तुरुंगाचे चित्र आले तशी आत्या थांबली. "हे आपण सकाळी उलट्या बाजूने पाहून आलो की," ती म्हणाली. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला १९०८ साली राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारने त्याला मंडालेला पाठवले. मंडालेच्या राजाला त्याच सरकारने आधीच रत्नागिरीला आणून ठेवले होते. थिबाच्या मंडालेतल्या राजवाड्याभोवतीच्या तटबंदीचे इंग्रजांनी फोर्ट डफरिन असे नामकरण केले होते आणि टिळकांचा तुरुंग त्याच तटाच्या आत होता. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक तिथल्या लाकडी खोलीत पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होते, तेव्हा थिबा इथल्या नव्या वाड्यात बस्तान बसवत होता. १९१२ साली टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या आणि ती बातमी त्यांना मंडालेत कळली. त्याच वर्षी थिबाची धाकटी राणी रत्नागिरीत वारली. सारख्या तारखा जुळवत बसण्याचा मला एरवी कंटाळा आहे, त्यातून अर्थ काढण्याची घाई लोकांना फार असते. पण दोन वास्तूंमधले अंतर रिक्षाने काही मिनिटांचे असताना एकीचा फलक वाचून दुसरीकडे न जाणे म्हणजे पत्राचे अर्धे पान वाचून घडी घालण्यासारखे आहे.

दुपारनंतर शिवाजीनगर भागातल्या थिबाच्या समाधीपाशी गेलो. शेजारी त्या धाकट्या राणीची समाधी आहे. आजूबाजूला वस्ती वाढल्याने ती जागा शोधावी लागते, आम्हीही दोनदा चुकलो. २०१२ साली म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला पुरलेला आहे आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा इथे, ही अदलाबदल शाळेच्या पुस्तकातही असते. पुस्तकात नसते ते एवढेच की या समाधीपाशी उभे राहून समुद्र दिसत नाही.

तिसरा दिवस, बुधवार : मालगुंड आणि जयगड

हा दिवस मी थोडक्यात आटोपतो. जयगडला आम्ही भर दुपारी पोचलो, आत्याचे गुडघे पायऱ्यांना नको म्हणू लागले होते आणि शास्त्री नदीच्या मुखावर नजर ठेवणारा तो तट आम्ही निम्मा फिरून सोडला. बाहेरचा खोल खंदक मात्र मन लावून पाहण्यासारखा आहे. समुद्राच्या बाजूला कडा असल्याने तिथे खंदकाची गरज नव्हती, तो फक्त जमिनीच्या बाजूने खोदलेला आहे, यावरून किल्ला बांधणाऱ्याला भीती कोणत्या बाजूची होती हे आपोआप कळते.

मालगुंडला मात्र सकाळ छान गेली. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, यांचे जन्मघर जपून कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे स्मारक उभे केले आहे. घराभोवतीच्या बागेत त्यांच्या कविता दगडी शिळांवर कोरून उभ्या केल्या आहेत. कविता छापील पानावर वाचणे आणि तिच्यासमोर चालत, ओळीच्या शेवटाला पायही थांबवत वाचणे यांत फरक आहे. आत्या 'तुतारी'च्या शिळेपुढे वर्गात म्हणायची तशी मोठ्याने म्हणू लागली आणि माळ्याने पाण्याची नळी बाजूला धरून ती संपेपर्यंत वाट पाहिली. मराठीत सुनीत आणणारा हा कवी १९०५ साली हुबळीला प्लेगने गेला, तेव्हा चाळिशीही पुरी झाली नव्हती. स्मारकात नंतरच्या मराठी कवींचीही ओळख करून देणारे दालन आहे. त्यात मी अधिक वेळ काढला असता, पण जयगडची घाई होती, आणि जयगड पाहून झाल्यावर असे वाटले की घाई उलट बाजूने करायला हवी होती.

चौथा दिवस, गुरुवार : कशेळीचा सडा

रत्नागिरीहून दक्षिणेला सागरी रस्त्याने निघालो. पावसच्या पुढे पूर्णगडापाशी मुचकुंदीची खाडी ओलांडली आणि राजापूर तालुक्यात कशेळीला आलो. आधी कनकादित्याचे देऊळ पाहिले. सूर्याची देवळे कोकणात फार नाहीत. इथल्या मूर्तीची कथा अशी की सौराष्ट्रातून ती घेऊन निघालेले गलबत कशेळीच्या किनाऱ्यापाशी अडले, पुढे सरकेना, तेव्हा मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि गलबत सुटले. पुढे कनका नावाच्या स्त्रीला दृष्टान्त झाला आणि तिने ती गावात आणून स्थापन केली. कथेइतकाच भक्कम पुरावाही देवळाकडे आहे : शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या शेवटचा ताम्रपट. याच भोज राजाने विजयदुर्ग बांधला अशी परंपरा सांगते, म्हणून उद्याच्या किल्ल्याचा पहिला धागा आज हाती लागला.

दुपारी साडेबाराला आम्ही कातळशिल्पाच्या सड्यावर होतो आणि आम्हाला काहीही दिसले नाही. कोकणात सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर गवत-फुलांचा गालिचा असतो आणि दिवाळीनंतर ते गवत वाळून दगड पुन्हा वर येतो. डोक्यावरच्या उन्हात सगळा कातळ एकसारखा तांबडा-काळा आणि सपाट दिसत होता. कुठेतरी एखादी रेघ आहेसे वाटावे आणि जवळ जावे तर ती नुसती भेग निघावी. रस्ता दाखवायला आलेल्या गावातल्या मुलाने सांगितले, "काका, आत्ता नाय दिसायचं. चारला या." आम्ही कनकादित्याच्या सभामंडपात तीन तास बसून चारला परत गेलो.

चारच्या तिरप्या उन्हात तोच कातळ वाचता येऊ लागला. प्रत्येक खोदलेल्या रेघेच्या एका काठाला सावली भरली आणि पायाखालून एक हत्ती उमटला, पण तो इतका मोठा, लांबी सुमारे १८ मीटर, की त्याच्या पाठीवर उभे राहून तो हत्ती आहे हे कळत नाही. काठाने चालत आधी सोंड, मग पाय, मग शेपूट असा तो जोडावा लागतो. आणि त्याच्या पोटात दुसरे प्राणी आहेत, कितीतरी : मासे, पसरट अंगाचे पाकट, चार पायांची जनावरे. ते खोदणाऱ्याला समुद्र आणि जंगल दोन्ही घरचे होते, हे त्या गर्दीवरून दिसते. आत्या खाली बसली आणि एका पाकटाच्या शेपटीवरून तिने बोट फिरवले. खाच बोटाच्या पेराएवढी रुंद, कडा पावसाने गोलावलेल्या, तळाशी वाळलेल्या शेवाळाची काळी पूड. ती पूड तिच्या बोटाला लागली, आणि तिने ती पुसण्याआधी वहीच्या कोपऱ्यात टेकवून ठसा घेतला.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत रत्नागिरीच्या हौशी अभ्यासकांनी सडेच्या सडे पायाखाली घालून अशी शिल्पे हजाराच्या वर शोधली. २०२२ मध्ये कशेळी, उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसाईमळ ही नऊ ठिकाणे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. चित्रांत शेतीचा मागमूस नाही आणि आज कोकणात नसलेले गेंड्यासारखे प्राणी आहेत, म्हणून ती शिकार आणि मासेमारी करून जगणाऱ्यांची, कित्येक हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अभ्यासकांचा तर्क आहे. जांभ्याच्या खाणी आणि प्लॉटिंग सड्यांवरच होते, हे रस्त्याने येताना आम्ही पाहिले होते. वाटेत एका ठिकाणी यंत्राने कापलेल्या चिऱ्यांच्या थप्प्या लागल्या, तेव्हा त्यांच्याकडे पाहताना काही वाटले नव्हते. परत जाताना आत्याने गाडी थांबवायला लावली, उतरून दोन-तीन चिऱ्यांचे माथे पाहिले आणि काही न बोलता पुन्हा येऊन बसली.

पाचवा दिवस, शुक्रवार : देवाचे गोठणे आणि विजयदुर्ग

सकाळी देवाचे गोठणे येथे थोडा वेळ थांबलो. इथल्या सड्यावर माणसाची एक आकृती कोरलेली असून तिच्यापाशी होकायंत्राची सुई दिशा सोडते. आत्याने शाळेच्या भूगोल कक्षातून निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले पितळी होकायंत्र याचसाठी आणले होते. सड्याच्या कडेला सुई नीट उत्तर दाखवत होती. होकायंत्र आकृतीच्या पायाकडून डोक्याकडे जमिनीलगत सरकवत नेले तशी सुई आधी थरथरली आणि मग सावकाश वळू लागली. जांभ्यात लोह असते हे ती तीन दशके शिकवत आली होती, तरी तिने तो प्रयोग चार वेळा केला आणि चौथ्या वेळी होकायंत्र माझ्या हातात दिले, मी करतोय ते पाहायला.

तिथून खाड्यांना वळसे घालत विजयदुर्ग गाठला. वाघोटण खाडीच्या मुखाशी असलेल्या या किल्ल्याचे जुने नाव घेरिया. मूळचा पाच एकरांचा किल्ला शिवाजी महाराजांनी सतरा एकरांपर्यंत वाढवून त्याला तिहेरी तटबंदी घातली, आणि पुढे आंग्रे या आरमारी सरदार घराण्याच्या काळात तो पश्चिम किनाऱ्यावरचा सर्वांत दरारा असलेला आरमारी तळ झाला. इंग्रज आणि डच दोघेही इथून हात हलवत परत गेले. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली सव्वाशे मीटरच्या आसपास लांबीची दगडी भिंत आहे आणि समुद्रविज्ञानाच्या अभ्यासकांनी पाण्यात उतरून तिची पाहणी केली आहे. खोल बुडाची परकी जहाजे तटाकडे धावून आली की तळाशी आपटत, उथळ पाण्यात चालणारी मराठी गलबते मात्र सुखाने ये-जा करीत. वरून पाहताना पाणी सगळीकडे सारखेच निळे दिसते. जिथे लाट तटापासून बरीच दूर असतानाच फुटून पांढरी होते तिकडे बोट दाखवून तिथल्या एका वृद्ध कोळ्याने आत्याला, "बघा, लाट थंयच मोडता," एवढेच सांगितले. फुली कोणत्या बुरुजावर मारायची ते त्यानेच ठरवले.

हा तळ पडला तो मात्र बाहेरच्या हाताने एकट्याने नव्हे. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची फौज समुद्राकडून, आणि पेशव्यांचे सैन्य जमिनीकडून अशी कोंडी झाली. तोफांच्या भडिमारात आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली आणि बंदरात एकमेकांशी बांधून ठेवलेले सगळे आरमार जळून गेले. तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या हाती लागले आणि उरलेले आयुष्य त्यांनी देशावरच्या किल्ल्यांत कैदेत काढले. रत्नागिरीत आम्ही समुद्र समोर ठेवून कैदेत बसलेला राजा पाहिला होता. समुद्राच्या माणसाला समुद्र दिसणार नाही अशा जागी ठेवणे ही शिक्षा त्याहून कठोर म्हणावी, असे मला वाटते. हा प्रसंग सांगताना पुष्कळ जण पेशव्यांचा भाग हळू आवाजात सांगतात. तो मोठ्याने सांगायला हवा, नाहीतर तिहेरी तट आणि पाण्यातली भिंत असूनही किल्ला का पडला हे तटावर उभे राहूनही समजत नाही.

किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथून दुर्बीण रोखून हेलियम शोधला, असे अभिमानाने सांगितले जाते आणि त्या तारखेला इथे हेलियम दिवसही साजरा होतो. ग्रहणाचा पट्टा या भागावरून गेला हे खरे. पण त्या दिवशी सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहून नवी गोष्ट टिपणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकयरने तसेच निरीक्षण केले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना. आत्याने हे वहीत लिहिले. मग म्हणाली, "ओटे तर आहेत ना? कुणीतरी साहेब बसलाच असेल." तिने ओट्यावर बसून सूर्याकडे पाठ केली आणि डबा उघडला.

परतीच्या वाटेवर गिर्ये गावात रामेश्वराच्या देवळापाशी थांबलो. कातळात खोदून काढलेल्या वाटेने खाली उतरत देवळात जाता येते आणि तिथे संभाजी आंग्रे यांची समाधी आहे. उन्हातून त्या खोदीव वाटेत शिरताच थंडावा अंगावर येतो. खाडीकाठची, खडक फोडून केलेली आरमारी गोदी पाहायची राहिली, कारण भरती आली होती.

सहावा दिवस, शनिवार : मालवण

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी लवकर मोरयाचा धोंडा पाहिला. गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेला हा खडक. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी इथे पूजन करून समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला आणि तीन वर्षांत तो पुरा केला. धोंड्यापाशी उभे राहिले की सगळा किल्ला समोर पाण्यात आडवा पसरलेला दिसतो. सुमारे तीन किलोमीटरचा तट, पण उंची लांबीच्या मानाने इतकी कमी की तो बेटाचाच खडक वर आल्यासारखा वाटतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले, त्यांत कालचा विजयदुर्ग आणि हा सिंधुदुर्ग दोन्ही आहेत.

होडीवाल्याने तासाभराची मुदत दिली होती. अठ्ठेचाळीस एकरांच्या किल्ल्यासाठी ती हास्यास्पद आहे, तेव्हा आम्ही ठरवून तीनच गोष्टी पाहिल्या. पहिली, राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर. इथल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी आहे. घोड्यावरच्या प्रतिमेची इतकी सवय झालेली असते की आपण क्षणभर दुसऱ्या कुणाला पाहतो आहोत असे वाटते. दुसरी, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, ज्यांच्यावर लहान घुमट्या बांधल्या आहेत. तिसरी गोष्ट पाण्याची : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे. किल्ल्यावर आजही काही कुटुंबे राहतात, त्यांतल्या एका बाईंनी कळशी भरताना थांबून आत्याच्या ओंजळीत पाणी ओतले. आत्याने ते चाखले, उरलेले डोळ्यांना लावले आणि मला वेळ विचारली. अकरा मिनिटे उरली होती.

खरे पाहण्यासारखे मात्र आम्ही येतानाच चुकवले होते. सिंधुदुर्गाचे मुख्य द्वार दोन बुरुजांच्या वळणात असे दडवले आहे की समुद्रावरून येणाऱ्याला सलग तटच दिसावा. येताना मी फोटो काढण्यात आणि आत्या होडीची कड घट्ट धरण्यात गुंतली होती, आणि द्वार एकदम समोर आले तेव्हा आम्ही पायऱ्यांना लागलो होतो. म्हणून परतताना आत्या होडीत उलट, किल्ल्याकडे तोंड करून बसली आणि होडीवाल्याला तिने इंजिन हळू ठेवायला सांगितले. द्वाराची काळी फट आधी पूर्ण दिसत होती, मग अर्धी झाली, मग एका बुरुजाच्या कडेला काजळाच्या रेघेएवढी उरली. नंतर तिथे नुसता तट होता. मी जागा डोळ्यांनी धरून ठेवली होती, तरी एका लाटेवर होडी हलली आणि ती हरवली.

"काकी, दरवाजो आता दिसूचो नाय," होडीवाला म्हणाला.

आत्याने वही मांडीवर घेतली. बेट काढले, तट काढला, बुरूज काढले, धोंडा काढला. मग पेन्सिल वर धरून तिने मागे पाहिले, पुढे पाहिले, आणि होडीवाल्याला विचारले की आत्ता आपण आहोत ती जागा परत कशी ओळखायची. त्याने हनुवटीनेच एका बाजूचा पद्मगड आणि दुसऱ्या बाजूचा पाण्याबाहेर डोकावणारा खडक दाखवला. तिने दोन्हींपासून रेघा ओढल्या आणि त्या जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे, पाण्यावर, फुली मारली.